गुरुजींची बादली

आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या बाथरूममध्ये एक निळी बादली असते. तिला घरातलं कोणी हात लावत नाही. पाहुण्यांची गर्दी झाली, कपडे भिजवायला काही सापडेना, लेकीनं, ईशानीनं, केसांना मेंदी लावून सगळं बाथरूम बरबटवलं, तरी ती बादली आपल्या जागी पालथी आणि कोरडी. ती गुरुजींची बादली आहे.

गुरुजी म्हणजे प्रल्हाद घैसास. दुबईत मराठी माणसाला काय मिळत नाही ते विचारा. अळूची पानं मिळतात, मोदकाची पिठी मिळते, दिवाळी अंकसुद्धा मिळतात, जरा शिळे. त्या काळात मिळत नसे तो फक्त पूजा सांगणारा माणूस. त्यामुळे आमच्या मंडळाच्या पूजा कॅसेटवर चालत. टेपवरचा माणूस म्हणे, 'हातात पाणी घ्या', आणि आम्ही पळी शोधेपर्यंत तो फुलांवर पोचलेला असे. एकदा मंडळाच्या सत्यनारायणाला टेप मध्येच अडकली. सगळे त्या यंत्राला थोपटत बसले असताना मागच्या रांगेतला एक किडकिडीत माणूस, टेप जिथे अडकली होती तिथून, त्याच सुरात पुढे म्हणू लागला. डोळे मिटलेले, हात मांडीवर. त्यानं शेवटच्या आरतीपर्यंत पूजा नेली आणि मग ओशाळून म्हणाला, "आजोबांकडे भिक्षुकी होती आमच्या. लहानपणी कानावर पडलंय." त्या दिवसापासून घैसास हे आडनाव संपलं. उरले ते गुरुजी.

त्यांची पूजा म्हणजे आम्हा बायकांना माहेरचं काहीतरी हाती लागल्यासारखं वाटे. घाई नाही, अर्थ सांगत सांगत चालायचं. संकल्पात जिथे देश आणि गाव येतं तिथे ते खणखणीत आवाजात 'अमिरात देशे, अल मनखूल ग्रामे' म्हणत, आणि पहिल्यांदा ऐकताना मला हसू आवरेना. मग लक्षात आलं की इतक्या वर्षांत या जागेला माझं गाव म्हणणारा हा पहिलाच माणूस. दक्षिणा घेत नसत. नारळ आणि शिऱ्याचा द्रोण, बस्स.

अट एकच होती. कामावरून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय चौरंगासमोर बसणार नाही. पूजा कोणाकडेही असो, आंघोळ आमच्याकडे, कारण आमच्या बिल्डिंगखाली पार्किंग मिळे. आता इथल्या उन्हाळ्यातली आंघोळ ही सोपी गोष्ट नाही. मे लागला की गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड पाण्याच्या नळाखाली चहा करावा. त्यामुळे गुरुजी यायचे असले की ती बादली मी सकाळीच भरून ठेवी. एसीच्या गारव्यात संध्याकाळपर्यंत पाणी माणसाच्या अंगाला लागण्याजोगं होई. गुरुजी येत, हातातली पिशवी माझ्याकडे देत, आत जात, आणि सोवळं नेसून बाहेर येत ते अगदी वेगळे होऊन.

कुठे काम करतात? "पंपावर," ते सांगत, आणि विषय बदलत.

इथे माझ्या नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी. सुरेश बांधकाम कंपनीत इंजिनिअर आहे, स्वभावानं सालस आहे, आणि दर पंधरवड्याला त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपतं. ते भरायला त्याला दुबईतले सगळे पंप सोडून तासभर उत्तरेला, दुसऱ्या अमिरातीत जावं लागतं. का, तर तिथलं पेट्रोल गाडीला मानवतं. आमच्या मंडळातल्या बहुतेक पुरुषांच्या गाड्या अशाच नाजूक प्रकृतीच्या होत्या. परत येताना गाडीच्या टाकीबरोबर एक जाड काळी प्लास्टिकची पिशवीही भरून यायची, आणि ती घरात शिरल्या शिरल्या कपाटाच्या वरच्या खणात जायची.

त्या पंपाच्या मागे, वाळूत, एक दुकान होतं. पाटी नाही, खिडकी नाही, एक दार आणि धापा टाकणारा एसी. आत बाटल्या. दुबईत बाटली घ्यायची तर परवाना लागे, परवान्याच्या अर्जावर ऑफिसचा शिक्का लागे, आणि शिक्क्यासाठी एचआरच्या बाईसमोर उभं राहावं लागे. त्यापेक्षा तासभर गाडी हाकलेली परवडली, असा आमच्या मध्यमवर्गाचा विचार. आणि त्या दुकानाचे मॅनेजर होते आमचे गुरुजी. स्वतः थेंबाला शिवलेले नाहीत.

तिथली शिस्त मला पुढे कळली. काउंटरवर मंडळातला कोणी आला की गुरुजी बाटलीकडे बघत, माणसाकडे नाही. तोही छताकडे बघे. पिशवी या हातातून त्या हातात जाई. गुरुवारी ज्या हातात गुरुजींनी ती पिशवी दिली, त्याच हातावर शुक्रवारी ते तीर्थ घालत, आणि दोघांपैकी कोणाची पापणी लवत नसे. कंपनीलाही गुरुजींनी पूजेचा पत्ता लागू दिला नव्हता. ज्याच्या व्हिसावर आलो त्याचंच काम करायचं, हा इथला कायदा, आणि पूजा सांगणं हे काम धरलं तर काय घ्या? असा हा माणूस दोन्हीकडून लपलेला.

पुरुषांची समजूत होती की बायकांना यातलं काही माहीत नाही. गुरुजींचीही तीच समजूत होती. बिचारे.

अगदी पहिल्या वर्षी गुरुजी आमच्याकडे पूजेला विड्याची पानं आणि तुळस घेऊन आले, ती त्याच जाड काळ्या पिशवीतून. पिशवीला तसंच दुहेरी बूड, तशीच गाठ. मी पिशवी पाहिली. शेजारी माझी मैत्रीण सुचित्रा होती, तिच्या नवऱ्याचीही गाडी त्याच पंपावर जायची. तिनं पिशवी पाहिली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि पानं पुसायला घेतली. त्यानंतर या विषयावर आम्ही एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर दोन गोष्टी बंद पडल्या असत्या, एक पेट्रोल आणि दुसरी पूजा. पेट्रोलचं सोडा.

मग दोन हजार आठ संपता संपता ती मंदी आली. वर्तमानपत्रात काय यायचं ते यायचं, मला ती आमच्या लिफ्टमध्ये कळली. सकाळी लिफ्ट रिकामी येऊ लागली. ईशानीची स्कूलबस वेळेच्या आधी पोचायला लागली, कारण वाटेतले थांबे कमी झाले. सुरेशच्या ऑफिसात काम उरलं नव्हतं आणि म्हणूनच सगळे उशिरापर्यंत बसत. सर्वांत आधी उठून घरी कोण जाणार? उठलेला माणूस डोळ्यांवर येतो. टेबलावर जुनी ड्रॉइंग पसरून सगळे एकमेकांच्या खुर्च्यांवर नजर ठेवून असत.

आता गंमत बघा. दुकान सातला बंद होई. ऑफिसातून उशिरा सुटलेला सुरेश एकदा गेला तर शटर खाली. पुन्हा गेला, पुन्हा शटर. तिसऱ्या वेळी धावतपळत पोचला तेव्हा आत कंपनीचा एरिया मॅनेजर आला होता. रोनित नावाचा तरुण पोरगा, अबू धाबीत खलिफा सिटीत वाढलेला, मराठी पण इंग्रजीच्या टेकूवर उभं असलेलं. विक्री घसरली म्हणून तो हैराण होता, दुकानातली चारांतली दोन माणसं त्याला कमी करावी लागली होती. त्यानं सुरेशला सहज विचारलं, "सर, एनी सजेशन?"

आमच्या घरात सजेशन विचारायला कोणी जात नाही, त्यामुळे सुरेशकडे साठा भरपूर होता. त्यानं तिथेच काउंटरला टेकून रोनितला समजावलं की कस्टमर आहे, मनी आहे, प्रॉब्लेम टायमिंगचा आहे. लोक लेट सुटतात. सातऐवजी अकरापर्यंत उघडं ठेवा, मग बघा. गुरुजी मागे उभे राहून पिशव्यांच्या घड्या घालत होते. त्यांना काही बोलता येईना, आणि सुरेशला नियमाप्रमाणे ते दिसत नव्हते.

रोनितनं परवानगी मिळवली. एप्रिलपासून दुकान रात्री अकरापर्यंत उघडं राहू लागलं. त्या आठवड्यात मंडळातले पुरुष कमालीच्या आनंदात होते, आणि मला वाटलं, मंदी हटली की काय.

आठवड्याभरानं गुरुजींचा फोन आला. "सुमेधावहिनी, यापुढे माझं संध्याकाळचं काही जमणार नाही. पंपावर ड्यूटी वाढली आहे. माणसं कमी आहेत, नाही म्हटलं तर नोकरी जाईल. तुम्ही दुसरी काही सोय बघा." आणि जरा थांबून म्हणाले, "बादली वापरायला काढा आता."

मी हे जेवताना सांगितलं. सुरेशचा घास हातातच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून सगळं वाचायला मला वरण वाढून होईपर्यंतचा वेळ पुरला. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, पण धोंडा पाडण्याचं प्रेझेंटेशन देणारा हा पहिलाच. मी फक्त म्हटलं, "गुरुजींच्या पंपावर पेट्रोलला एवढी गर्दी कशी काय रे वाढली या दिवसांत?" तो म्हणाला, "वरणात मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं.

मे महिन्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची पूजा असते. पूजा चुकवायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून गुरुजींना गळ घातली की निदान फोनवरून सांगा. ते कसेबसे तयार झाले. "पण ऑफिसात बसून नाही म्हणणार वहिनी. तिथे नको. पंपाच्या टॉयलेटमध्ये आंघोळ करतो आणि बाहेर उभं राहून सांगतो. पंपाजवळ मोबाईल चालत नाही, कार वॉशच्या पलीकडे जाईन."

तर सोवळं नेसलेला सुरेश चौरंगासमोर, मी बाजूला, आणि तांदळाच्या राशीशेजारी स्पीकर लावलेला फोन. बायकांची खोली भरलेली, पुरुष तुरळक. मंडळाचे अध्यक्ष मधूभाऊजी, म्हणजे सुचित्राचे यजमान, येणार नव्हते. महत्त्वाची मीटिंग होती. सुचित्रा मात्र आली होती आणि माझ्या मागे बसून गंध उगाळत होती.

"उजव्या हातात पाणी घ्या," फोन म्हणाला. मागे कार वॉशचा फवारा सुरू. सुरेशनं पाणी घेतलं. "अमिरात देशे…" गुरुजींनी सुरुवात केली, आणि कुणीतरी हॉर्न वाजवला. "भाई, गाडी उधर लगाओ," गुरुजी त्याच सुरात म्हणाले. सुरेशच्या ओंजळीतलं पाणी कोपरापर्यंत आलं. "अल मनखूल ग्रामे…" आणि तेवढ्यात फोनमधून स्वच्छ, मोकळा, ओळखीचा आवाज आला.

"काय गुरुजी, बाहेर का उभे? आत कोणी नाही का? माझी नेहमीची काढून द्या की पटकन."

मधूभाऊजींचा आवाज मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांचे आभार मानतो. तो ओळखायला माइक लागत नाही. सुरेश समईकडे बघत राहिला. मी वळून सुचित्राकडे पाहिलं. तिनं गंध उगाळणं थांबवलंसुद्धा नाही. "पाणी सोडा आता सुरेशभाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "ओंजळ रिकामी झाली."

पूजा कशीतरी पार पडली. पण गुरुजींना कळून चुकलं होतं की हे स्पीकरवर गेलं. त्यानंतर फोनवरचीही पूजा बंद झाली. मी दोनदा विचारलं, दोनदा उत्तर आलं की कार वॉशच्या बाजूला नेटवर्क नसतं.

मे संपता संपता मधूभाऊजींची नोकरी गेली. अध्यक्षांची जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. जूनअखेर व्हिसा संपणार, घरातलं सामान विकून पुण्याला परत जायचं. सुचित्रा माझ्याबरोबर इथे आली, तिचा निनाद आणि माझी ईशानी एकाच पाळणाघरात वाढली. ती जाणार हे मला कळलं तेव्हा मी रडले, आणि मग मला तिचाच राग आला, कारण ती रडत नव्हती.

आमच्याकडे एक रीत आहे. जूनअखेर शाळांना सुट्टी लागते आणि सगळे महिना-दोन महिने भारतात जातात, म्हणून त्याआधी मंडळाचा एक मोठा सत्यनारायण होतो. सगळ्यांनी सुखरूप जावं आणि सुखरूप परत यावं. त्या वर्षी परत न येणारेच जास्त होते. रविवारी वटपौर्णिमा होती, संध्याकाळी आमच्या घरी पूजा ठरली, आणि यजमान म्हणून मधूभाऊजी आणि सुचित्रा बसणार होते.

त्यासाठी मंडळाची बैठक भरली. प्रश्न एकच, पूजा सांगणार कोण. असा प्रश्न ज्याचं उत्तर प्रत्येकाला माहीत आहे आणि कोणीच बोलू शकत नाही. गुरुजी येऊ शकत नाहीत, कारण दुकान अकरापर्यंत. पण बायकांसमोर दुकान तर नाहीच. मग अकरा कशाचे? पुरुष जमिनीकडे बघत बसले. कोणी म्हणालं, अबू धाबीहून कोणाला बोलावू. कोणी म्हणालं, सीडी मिळते हल्ली, एकदम क्लिअर साउंड. सुरेश म्हणाला, इन्शाल्ला काहीतरी होईल.

"सीडी लावायची तर पूजा पुण्यालाच करीन," सुचित्रा म्हणाली. "या देशातून जाताना मला गुरुजींच्या तोंडून माझ्या गावाचं नाव ऐकायचंय. एवढंच मागतेय." आणि मग ती रडली. मधूभाऊजी उठून बाल्कनीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या बायकोला, सगुणावहिनींना फोन केला. त्या शारजात राहतात, मोजकं बोलतात. त्यांना सरळ विचारलं की गुरुजी कंपनीकडे एक संध्याकाळ का मागत नाहीत.

"मागायची तर कारण सांगावं लागेल ना," त्या म्हणाल्या. "आणि कारण सांगितलं तरी यायला आता त्यांचा पाय उचलत नाही. त्या फोनच्या पूजेनंतर जेवणावरून लक्ष उडालंय. म्हणतात, आता बायकांना कळलं मी काय विकतो ते. हा हात त्या देवाला कसा लावू देतील? त्यांनी नको म्हणण्याआधी आपणच थांबलेलं बरं."

मला इतका संताप आला की मी फोन ठेवून देवघराशी जाऊन बसले. आम्ही तोंड उघडलं नाही ते त्यांची लाज राहावी म्हणून. आणि आमच्या त्या गप्प राहण्यानंच हा माणूस मनातल्या मनात स्वतःला देवापासून लांब करत चालला होता. सभ्यपणा, सभ्यपणा म्हणतात तो हाच असेल तर आग लागो त्याला.

मी सगुणावहिनींना पुन्हा फोन केला. "शुक्रवारी मी आणि सुचित्रा दुकानात जातोय. येता का?"

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी आले तर ते काउंटरखाली जाऊन बसतील."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते दुकान उघडतं. चहा झाल्यावर मी साडी नेसले, पर्स घेतली. सुरेश सोफ्यावर पडून टीव्ही बघत होता. "कुठे?" त्यानं विचारलं.

"पेट्रोल भरून येते."

तो उठून बसला. "टाकी फुल आहे."

"सुचित्राच्या गाडीतलं संपलंय. आणि तिच्या गाडीला इथलं पेट्रोल मानवत नाही." मी चपला घातल्या. तो दारापर्यंत आला, तोंड उघडलं, मिटलं. असं त्याचं तोंड मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

गाडी सुचित्रा चालवत होती. तासाभरात पंप आला. तिनं आधी खरंच पेट्रोल भरून घेतलं, मग गाडी मागे वळवली. वाळू, एक दार, धापा टाकणारा एसी. दोघीही घाबरलो होतो, हे खरं आहे. सुचित्रानं पदर खांद्यावरून ओढून घेतला, जणू देवळातच शिरतेय, आणि दार ढकललं.

आतमध्ये थंडगार आणि भिंतभर बाटल्या, लेबलं सगळी पुढे, एका रेषेत. चौरंगावर सुपाऱ्या मांडणारा हात लगेच ओळखू आला. काउंटरमागे गुरुजी, शर्टाच्या खिशाला कंपनीचा बिल्ला. कोपऱ्यात एक तरुण लॅपटॉप उघडून बसला होता, तोच रोनित. गुरुजींनी मान वर केली, आम्हाला पाहिलं, आणि पिशवी पडल्याचं निमित्त करून ते खरोखरच काउंटरखाली गेले. सगुणावहिनी नवऱ्याला चांगलं ओळखतात.

आम्ही थांबलो. माणूस किती वेळ पिशवी शोधणार? शेवटी ते हळूहळू वर आले. चेहरा पांढरा पडलेला.

"गुरुजी," सुचित्रा म्हणाली, "ह्यांच्यासाठी एक चांगलीशी द्या. नोकरी गेल्यापासून बिचारे पेट्रोल भरायलासुद्धा आलेले नाहीत. त्यांना कुठली आवडते ते तुम्हालाच माहीत."

गुरुजींचा हात सवयीनं मागे गेला आणि एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. सुचित्रानं किंमत वाचली. "ऐंशी दिरहम, म्हणजे रुपयांत तेरानं गुणायचं तर…" ती पुटपुटली. "जाऊ दे. आज गुणत नाही."

रोनित उठून आला होता. "एक्स्क्यूज मी आंटी, तुम्ही काकांना गुरुजी का म्हणताय?"

मग मी सांगितलं. पहिल्या टेपपासून सगळं. की हा तुमचा मॅनेजर आमच्या घरोघरी पूजा सांगतो, पैसा घेत नाही. की तुमचं दुकान अकरापर्यंत सुरू झाल्यापासून आमच्या पूजा बंद झाल्या. की तुम्हाला ते सजेशन देणारा गृहस्थ माझा नवरा आहे आणि त्याचं मी घरी बघून घेईन. की परवा रविवारी हिच्या निरोपाची पूजा आहे.

रोनित गुरुजींकडे वळला. "काका, एकदा सांगायचंत ना. सिंपल शिफ्ट चेंज आहे. तुम्ही मॉर्निंग घ्या आणि सातला निघा, त्यानंतर दुसरा सेल्समन बघेल. संडेला तर मीच काउंटरवर उभा राहतो. खलास, डन." आणि लॅपटॉपमध्ये दोन-चार बटणं दाबून तो मोकळा झाला.

एवढंच होतं ते. एका वाक्याचं काम. ते बोलायला एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही तोंड नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना.

गुरुजी मात्र हलले नव्हते. काउंटरवरच्या बाटलीकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "शिफ्टचं झालं, वहिनी. पण आता तुम्ही मला इथे पाहिलंत. रविवारी मी चौरंगाला हात लावलेला चालेल तुम्हाला?"

"गुरुजी, तुमच्या हातात काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी पाहिलं. जाड काळी पिशवी, दुहेरी बुडाची. सुचित्राची बाटली तिच्यात घालायला त्यांनी ती उघडून धरली होती.

"पूजेची पानं आणि तुळस तुम्ही कशातून आणता?"

त्यांनी पिशवीचं दुहेरी बूड बोटांनी चाचपलं. मग त्यांनी मान वर करून पहिल्यांदा आमच्या डोळ्यांत पाहिलं.

"म्हणजे अगदी पहिल्यापासून?"

"अगदी पहिल्यापासून," सुचित्रा म्हणाली.

"बादली मी वापरायला काढलेली नाही," मी म्हटलं. "रविवारी सकाळीच भरून ठेवते. साडेसातला निघालात तरी आंघोळीला वेळ मिळेल."

त्यांनी बाटली पिशवीत ठेवली, गाठ मारली, आणि ती सुचित्राच्या हातात देताना वर हळूच दुसरा हात ठेवला, नारळ देताना ठेवतात तसा.

रविवारी आमचं घर भरून गेलं होतं. पुरुष सगळे वेळेवर हजर, कोणालाच मीटिंग नव्हती. मधूभाऊजी सोवळं नेसून बाल्कनीत येरझारा घालत होते आणि सुरेश, मी घरी बघून घेतल्यापासून, मोठ्या उत्साहानं केळीचे खांब बांधत होता. गुरुजी आले, काळी पिशवी माझ्याकडे दिली आणि सरळ आत गेले. सुचित्रा स्वयंपाकघरात शिरा परतत होती. बाथरूममधून पहिला तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला तशी तिनं हात थांबवला, कान देऊन ऐकलं, आणि मला म्हणाली, "आले गं."